गुंगीचे औषध आणि पहिले काही तास

मी दादरच्या एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम यांसारख्या झोपेच्या आणि अस्वस्थतेच्या गोळ्या मी रोज हाताळते. २०१४ पासून त्या अनुसूची 'एच-१' मध्ये आहेत. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्या देता येत नाहीत, आणि दिल्यावर डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव आणि गोळ्यांची संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहावी लागते. नियम चांगला आहे, पण चिठ्ठीवर घरी गेलेली पट्टी पुढे कोणाच्या हाती पडते, हे त्या वहीला कळत नाही. अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी नखाएवढीही नसते.

गुंगीचे औषध देऊन होणाऱ्या लैंगिक अत्याचाराचा विषय निघाला की आपण मुलींना सांगतो, पार्टीत आपल्या ग्लासवर लक्ष ठेव. रोहिप्नॉल, जीएचबी, केटामाइन ही गुंगी आणणाऱ्या औषधांची नावे आता सर्वांना ऐकून माहीत आहेत. सावधगिरी हवीच, पण अशा गुन्ह्यांत सर्वाधिक वापर दारूचाच होतो, आणि गोळी देणारा हात पुष्कळदा ओळखीचा असतो. फ्रान्समध्ये अविन्यों येथे २०२४ साली चाललेल्या खटल्यात जिझेल पेलिको यांच्या पतीने त्यांना अनेक वर्षे अन्नपाण्यातून लोराझेपाम आणि झोल्पिडेम दिल्याचे सिद्ध झाले, आणि पतीसह ५१ पुरुष लैंगिक अत्याचारांच्या गुन्ह्यांत दोषी ठरले. स्वतःला स्मृतिभ्रंश होत आहे, असेच त्या बाईंना वाटत राहिले होते. दोन्ही औषधे झोपेसाठी आणि अस्वस्थतेसाठी सर्रास लिहून दिली जाणारी आहेत.

या गोळ्यांमुळे नवी आठवण तयार होण्याची प्रक्रियाच काही तास थांबते, त्यामुळे व्यक्ती चालते, बोलते, लिफ्टमध्ये स्वतःच्या पायांनी शिरते, आणि दुसऱ्या दिवशी तिला त्यातले काहीच आठवत नाही. म्हणून 'ती तर नीट चालत होती' हे वाक्य मला असह्य होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ नुसार, नशेमुळे किंवा गुंगीकारक पदार्थामुळे आपण कशाला होकार देत आहोत हे समजत नसताना दिलेली संमती ही संमतीच नव्हे. गुन्ह्याच्या हेतूने असा पदार्थ देणे हाही कलम १२३ खाली स्वतंत्र गुन्हा असून त्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

मात्र पुरावा फार लवकर निघून जातो. जीएचबी लघवीत साधारण बारा तासच सापडते. झोपेच्या गोळ्यांचे अंश काही दिवस मिळू शकतात. घरातली मंडळी 'आधी आंघोळ कर, मग बघू' म्हणतात, त्यामागे माया असते, पण तेवढ्यात बरेच काही वाहून जाते. शक्य असल्यास लघवी रुग्णालयात पोहोचेपर्यंत थांबवावी. थांबवणे शक्य नसेल तर पहिली लघवी स्वच्छ बाटलीत घेऊन सोबत न्यावी. अंगावरचे कपडे धुऊ नयेत, ते कागदी पिशवीत ठेवावेत. श्वास मंदावला असेल किंवा उठवूनही जाग येत नसेल तर १०८ ला फोन करावा.

आधी पोलीस ठाणे, मग रुग्णालय, असा क्रम मुळीच बंधनकारक नाही. सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने एफआयआरची वाट न पाहता मोफत उपचार करायचे आहेत. पोलिसांना कळवणे हे रुग्णालयाचे काम आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली सुरू झालेल्या 'दिलासा' या अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठीच्या केंद्रात समुपदेशकही भेटतात. तपासणीच्या वेळी 'गुंगीच्या औषधासाठी रक्त आणि लघवी तपासा' असे स्पष्ट सांगावे, कारण कोणी संशय बोलून दाखवला नाही तर ते नमुने राहून जाऊ शकतात. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, तीही रुग्णालयातच मागावीत.

दिवस उलटून गेले असले तरी तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. मग सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवण्यास सोसायटीला त्याच दिवशी लेखी कळवावे, कारण जुन्या चित्रणावर नवे चढत राहते.