तुम्ही विचारलंत म्हणून: रानात न्यायची सुरी केवढी असावी?

माझ्या सुऱ्या पाहिल्या की जवळजवळ प्रत्येक जण पहिल्यांदा हेच विचारतो: पातं किती इंची? तुम्हीही तेच विचारलंत. माझं उत्तर ठरलेलं आहे. चार बोटं जुळवा, अंगठा सोडा. तळहाताची जेवढी रुंदी भरेल तेवढं पातं पुरे. हे ऐकून बहुतेकांचा हिरमोड होतो, कारण मनात हातभर लांबीचं काहीतरी असतं. कॅनडातले मॉर्स कोचान्स्की आयुष्यभर रानातलं राहणं शिकवत आले. तेही हेच माप सांगत. मी मात्र ते आधी ऐकूनही मानलं नव्हतं. माझी पहिली सुरी १८ सेंटिमीटरची होती. तिनं काठीला भोक पाडताना टोक निसटलं आणि डाव्या तर्जनीच्या बुडाशी चार टाके पडले. पातं लांब झालं की टोक मुठीपासून दूर जातं, आणि दूर गेलेलं टोक हाताचं ऐकत नाही.

आता माझ्याकडे हातानं घडवलेल्या तीन आहेत. तिन्ही शेजारी ठेवून दाखवल्या की बोलायला सोपं जातं.

पहिली पुक्को. ही फिनलंडची. फिनिश भाषेत 'पू' म्हणजे लाकूड, आणि ही सुरी खरोखरच लाकूडकामाची आहे. माझ्या एका फिनिश सहकाऱ्यानं त्याच्या गावच्या लोहाराकडून घडवून आणली. पातं साडेनऊ सेंटिमीटर, वजन ८५ ग्रॅम. मूठ बर्च झाडाच्या सालीची. सालीचे तुकडे एकावर एक ओवून घट्ट दाबलेले. हातात घेतली की बुचाच्या लाकडासारखी ऊबदार लागते आणि ओल्या हातातूनही सरकत नाही. बोटांसाठी खाचा नाहीत, पुढे आडवी पट्टीही नाही. नुसती लंबगोल, मधे किंचित फुगीर.

दुसरी इंग्लंडच्या वळणाची. सुऱ्या घडवणारे ॲलन वुड यांनी रानातलं राहणं शिकवणाऱ्या रे मिअर्स यांच्यासाठी जी सुरी घडवली, तिच्यावरून हा घाट जगभर पसरला. माझी पुण्यातल्या एका हौशी कारागिरानं केली. पातं ११ सेंटिमीटर, जाडी ४ मिलिमीटर, आणि फुल टँग, म्हणजे पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत तसंच रुंद गेलेलं. वजन २१० ग्रॅम.

आकडे पाहिले तर दोघींत फरक दीड सेंटिमीटरचा. हातात घेतल्या तर त्या बहिणी वाटत नाहीत. गेल्या मे महिन्यात मी दोघींनी एकेक पळी कोरली. लाकूड पांगाऱ्याचं, सावंतवाडीची खेळणी ज्याची करत आले तेच, मऊ आणि हलकं. पुक्कोनं दीड तास कोरलं तरी मनगट दुखलं नाही. पातं मुठीतून निघताच धार सुरू होते, त्यामुळे जोर थेट लाकडात उतरतो. ढलपी पातळ, कुरळी, अखंड निघत होती. दुसरीनं अर्ध्या तासात तळव्याच्या मधोमध लाल वण उठवला, कारण मुठीच्या कडा पुरेशा गोल केलेल्या नव्हत्या. कानस आणि पॉलिशपेपर घेऊन त्या कडा उतरवल्या, तेव्हा कुठे ती माझी झाली. मात्र वाळलेलं आंब्याचं फाटं चिरायचं, पात्याच्या पाठीवर दांडक्यानं ठोकून फोडायचं, तिथे हीच. पुक्कोची शेपटी, म्हणजे पात्याचा मुठीत शिरलेला भाग, बारीक होत गेलेली असते, तिला असं ठोकणं मला पटत नाही. आणि जाडीचा तोटा स्वयंपाकात दिसतो: ४ मिलिमीटरच्या पात्यानं बटाटा कापला जात नाही, मधेच दुभंगतो.

म्हणून म्हणते, लांबी विचारण्याआधी मूठ विचारा. मूठ धरल्यावर मधल्या बोटाचं टोक अंगठ्याच्या गादीला जेमतेम टेकायला हवं. नख रुतलं तर मूठ बारीक, अंतर राहिलं तर जाड. मुठीची लांबी तळहाताहून दोन बोटं जास्त. बोटांच्या खाचा असलेली मूठ दुकानात फार गोड वाटते, पण ती एकाच पकडीसाठी असते. रानात आपण सुरी उलटी धरतो, छातीशी धरून ओढतो, अंगठा पाठीवर ठेवून रेटतो, आणि दर वेळी त्या खाचा भलतीकडे टोचतात.

हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. कुडाळजवळ आमचे लोहार आहेत, त्यांच्याकडे तिसरी, म्हणजे कोयती, घ्यायला गेले होते. मी इंच सांगायला सुरुवात केली. त्यांनी भाता थांबवला आणि म्हणाले, "तुमचो हात दाखवा बघया." माझा पंजा आपल्या पंजावर ठेवून पाहिला, मागच्या ढिगातून एक बारीक मूठ निवडली. पातं ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचं, पाणी दिलेलं, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून कडक केलेलं. शेपटी लाल करून मुठीत ठोकली. लाकूड जळत, धुमसत तिनं आपली जागा स्वतः केली. तो करपट वास अजून त्या मुठीला येतो असं मला वाटतं.

कोयतीचं पातं २४ सेंटिमीटर, वजन अर्ध्या किलोला टेकलेलं, आणि सगळं वजन पुढे. ती उचलायची आणि सोडायची. काम वजन करतं. कवळ म्हणजे पाल्याच्या फांद्या तोडायला, चुडतं म्हणजे माडाची झावळं साळायला तिच्यासारखी दुसरी नाही. ज्यांना मोठं पातं हवंच असतं त्यांना मी हिच्याकडे पाठवते. उत्तर युरोपातल्या लॅपलंडच्या सामी लोकांनीही हाच तोडगा काढलाय: फांद्या तोडायला लेउकू नावाची मोठी सुरी, आणि जोडीला छोटी. दोन्ही कामं एकाच सुरीकडून करून घ्यायचा हट्ट धरला की ती कुठल्याच कामाला धड होत नाही.

एक मात्र कळकळीनं सांगते. हे सगळं मी आमच्या वाडीत, स्वतःच्या झाडांवर करते. हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना ही अभयारण्यं आहेत, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार घेऊन जाता येत नाही. तिथे सुरी घरी ठेवा. दुसऱ्याच्या उभ्या झाडाला तर कुठेच लावू नका.

आणि कोकणात राहत असाल तर चामड्याच्या म्यानात सुरी पावसाळा काढणार नाही. पुक्कोचं म्यान निम्मी मूठ गिळतं, आत ओल धरून राहतं, आणि जूनमध्ये ठेवलेल्या पात्यावर ऑगस्टमध्ये गंजाचे ठिपके सापडतात. मी पातं पुसते, खोबरेल लावते, कागदात गुंडाळून म्यानाबाहेर ठेवते.

माझ्या तळहाताची रुंदी साडेआठ सेंटिमीटर भरते. लेकीची सात. गणपतीनंतर तिच्यासाठी सुरी सांगायची आहे. तिनं कागदावर पंजा ठेवून भोवती पेन्सिल फिरवून दिलीय. तो कागद घडी करून माझ्या पाकिटात आहे.