घरी सोडण्याआधी

आज वॉर्डात डिस्चार्जची चर्चा पुन्हा गोळ्यांच्या डबीपाशीच अडली. एचआयव्हीमुळे मेंदूवर परिणाम झाला की माणूस गप्पा छान मारतो, पण कामांचा क्रम चुकतो. म्हणून आधी त्याला चहा करायला लावायचा. गॅस बंद केला का, साखर दोनदा पडली का, नुसतं बघायचं. मधे बोलायचं नाही. (नातेवाइकांना हे फार जड जातं!)

वॉर्डात नर्स गोळी हातात देते, म्हणून व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) उतरतो. घरी ती नसते. सात कप्प्यांची डबी इथेच रुग्णाच्या हाती द्यावी.

अँटासिड असेल तर टीएलडी (एचआयव्हीवरच्या तीन औषधांची एकच गोळी, डोल्युटेग्राविर त्यातलंच एक) त्याच्या 2 तास आधी किंवा 6 तासांनंतर. टीबीसाठी रिफॅम्पिसिन चालू असेल, तर टीएलडीनंतर 12 तासांनी डोल्युटेग्राविर 50 मिलिग्रॅमची वेगळी गोळी. तिला वेगळा कप्पा हवाच.