दोन हजार वर्षांपूर्वीच्या कृतीने गुलाबतेल: माझा अनुभव

अल्कोहोलमधले परफ्यूम फार पुढचे. त्याआधी हजारो वर्षं सुगंध तेलातच मुरवला जायचा. सायप्रसमधल्या पिर्गोसला इ.स.पू. 1850च्या सुमाराची सुगंधी तेलाची कार्यशाळा सापडली आहे. ग्रीसमधल्या पायलोसच्या राजवाड्यातल्या मातीच्या पाट्यांवर, इ.स.पू. 1200च्या आसपास, तेल उकळणाऱ्या कारागिराला दिलेल्या मालाची नोंद आहे: धने, नागरमोथा, मद्य, मध, लोकर. त्या यादीत धने-नागरमोथ्यासारख्या वनस्पती का, हे कृती हाताने केल्यावर नीट उलगडतं.

मी धरली ती इ.स. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याची कृती. त्याची मापं रोमन पौंडात आहेत (एक पौंड साधारण 327 ग्रॅम, 12 औंसांचा): तेल 20 पौंड 5 औंस, सुगंधी गवत 5 पौंड 8 औंस आणि हजार गुलाब. हे गवत आपल्या गवती चहाच्याच कुळातलं. घरच्या मापात 500 ग्रॅम तेलाला 140 ग्रॅम गवत आणि 75 गुलाब पडतात. तेल ताज्या, कच्च्या ऑलिव्हचं घ्यावं. जुनं, खवट झालेलं तेल कितीही गुलाब घातले तरी सुधारत नाही.

पहिलं काम तेल तयार करण्याचं, आणि सगळ्यात जास्त जीव इथेच लावायला हवा. गवत ठेचून पाण्यात मळते, तेलात घालते आणि मंद आचेवर सतत ढवळत शिजवते. बुडबुडे थांबले की पाणी आटलं असं समजायचं, मग गाळायचं. प्राचीन कारागीर तुरट वनस्पतींनी तेल असं ‘घट्ट’ करून घेत. त्याशिवाय तेल फुलाचा वास धरत नाही, असं ते मानत. मला दिसलेला फरक असा: तेलाचा स्वतःचा हिरवा, फळासारखा वास मागे सरतो आणि गुलाबाला मोकळी जागा मिळते. ही पायरी वगळून केलेलं तेल मला नेहमी दुबळं वाटतं. आच मोठी झाली तर मात्र गवत करपतं आणि तो जळका वास शेवटपर्यंत जात नाही. त्याच्याही आधीच्या थिओफ्रास्टस या ग्रीक तत्त्वज्ञाने गंधांवरच्या ग्रंथात सांगितलंय की भांडं थेट जाळावर न ठेवता पाण्यात ठेवून तापवावं, नाहीतर माल वाया जातो. फुलं घालताना तेल कोमट करायचं असेल तर मी हेच करते.

आता गुलाब. भरपूर वासाचे, सकाळी तोडलेले, दव पूर्ण वाळलेले. पाकळ्या कोरड्याच हव्यात, डायोस्कोरिडीसही हे बजावतो. पाकळ्या थंड झालेल्या तेलात घालून, हातांना मध चोळून, वर-खाली हलवत हलकेच दाबायच्या. मध तेलात विरघळत नाही, पाणी मात्र ओढून घेतो. पाकळ्यांचा थोडा ओलावा त्यात अडकून तळाला जातो. जोरात पिळलं तर गरासकट रस तेलात उतरतो, म्हणून हात हलका ठेवा. रात्रभर झाकून ठेवायचं आणि सकाळी फडक्यातून पिळायचं.

नासतं ते इथे. पिळलेल्या तेलाखाली तपकिरी पाणी आणि गाळ साचतो. गाळ बसला की वरचं तेल लगेच मधाचा हात फिरवलेल्या दुसऱ्या भांड्यात काढून घ्यावं. ते पाणी तेलाखाली राहू दिलं तर आंबतं, आंबूस-कुजका वास वर चढतो आणि मग काही उपाय उरत नाही. गुलाबतेलाला पाणी सोसत नाही, हे डायोस्कोरिडीसने लिलीच्या तेलाच्या कृतीतही आठवणीने लिहिलंय. थिओफ्रास्टसच्या काळी गुलाबतेलात भरपूर मीठ घालत. मी तव्यावर भाजून कोरडं केलेलं 20 ग्रॅम मीठ तळाला टाकते आणि तेल परत गाळते, त्याने गढूळपणा बराच कमी होतो.

पिळलेल्या पाकळ्या फेकू नका. त्यावर तयार केलेलं आणखी 206 ग्रॅम तेल (मूळ प्रमाण 8 पौंड 5 औंस) ओतून पुन्हा पिळलं की दुसऱ्या प्रतीचं तेल मिळतं. पहिल्या तेलाला मात्र ताज्या पाकळ्यांचे नवे घाणे द्यायचे. मर्यादा सात, त्यापुढे अजिबात नको, असं मूळ कृतीत आहे. वासाची मोठी उडी मला पहिल्या तीन-चार घाण्यांत दिसते. पुढे प्रत्येक खेपेला पाणी शिरण्याचा धोका तेवढाच आणि लाभ थोडा.

त्यात बोळ किंवा दुसरी राळ मिसळायची असेल तर ती आधी, गुलाब शेवटी. जो वास शेवटी पडतो तोच वरचढ ठरतो, असं थिओफ्रास्टस सांगतो, आणि ते खरं आहे.

साठवणीला तेव्हा अलाबास्टर या मऊ दगडाच्या किंवा शिशाच्या कुप्या असत. शिसं विषारी, ते नकोच. गडद रंगाची, पूर्ण वाळलेली काचेची बाटली गळ्यापर्यंत भरा आणि उन्हापासून दूर, थंड जागी ठेवा. पारख मनगटावर करा. बाटलीला नाक लावलं की आधी तेलच जाणवतं, कातडीच्या उबेने गुलाब हळूहळू वर येतो, तेवढा वेळ त्याला द्यायचा.