गाभा, नोंद १७: पोर्ट ४९१५२ वरचा मुंजा

सुटला एकदाचा! काल रात्री पावणेदोनला क्यूएमू (संगणकातच दुसरा संगणक उभा करणारा प्रोग्राम) मारलं, लगेच परत चालू केलं, आणि गाभ्याने, म्हणजे मी लिहीत असलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमने, रूट डिस्क (जिच्यावर सगळी सिस्टिम राहते ती) निमूट माउंट केली. विश्वास बसेना म्हणून अकरा वेळा मारलं. अकराही वेळा शेलचा प्रॉम्प्ट आला. नऊ दिवस याच एका गोष्टीने डोकं खाल्लं होतं.

सोळाव्या नोंदीत लिहिलं होतं की स्लर्प (क्यूएमूच्या पोटातलं नेटवर्क) सोडून टॅपवर (होस्टला, म्हणजे माझ्या लिनक्सच्या संगणकाला, थेट जोडणारं आभासी नेटवर्क कार्ड) आलोय आणि रूट फाइलसिस्टिम आता एनबीडीवरून (नेटवर्कवरून डिस्क पुरवायची पद्धत) येते. होस्टवर क्यूएमू-एनबीडी हा सर्व्हर पोर्ट १०८०९ वर डिस्क इमेज घेऊन बसतो, गाभा बूट होताना टीसीपीने तिथे जातो. पहिला बूट झकास. दुसऱ्या बूटला सिन (कनेक्शन उघडायची विनंती) जायचा आणि पुढे सगळं ठप्प. सर्व्हर बंद करून पुन्हा लावला की परत एकच बूट मिळणार.

स्लर्पवर असं कधी झालं नव्हतं, म्हणून पहिल्या शिव्या टॅपला. ब्रिज काढून पाहिला, ई१००० या नेटवर्क कार्डाच्या जागी व्हर्टिओचं लावून पाहिलं. काही फरक नाही. शेवटी फिल्टर-डंप लावून पॅकेट फाइलमध्ये टिपली आणि वायरशार्क या पॅकेट वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडली. माझ्या सिनला उत्तर येत होतं! पण सिन-अ‍ॅक (विनंती मान्य) नाही, नुसता अ‍ॅक (इथवर पोचलं, अशी पोच), आणि त्यातला आकडा भलताच. शेजारी वायरशार्कची टीप: पोर्ट पुन्हा वापरलेले दिसतात.

इथे ट्यूब पेटायला हवी होती. अर्धीच पेटली. माझा पोर्ट वाटणारा कोड दर बूटला ४९१५२ पासून सुरू होतो आणि बूटमधलं पहिलं कनेक्शन एनबीडीचंच, त्यामुळे दर वेळी तोच पत्ता, तोच पोर्ट. मी क्यूएमू मारतो तेव्हा गाभ्याला फिन (कनेक्शन संपल्याचा निरोप) पाठवायची उसंत मिळत नाही. स्लर्प क्यूएमूच्या पोटातच असतो, तो मेला की होस्टवरचं सॉकेटही बंद होतं. टॅपवर मात्र समोर थेट लिनक्सचा टीसीपी आहे आणि त्याला गाभा गेल्याचं कुणी सांगितलेलंच नाही. त्याच्या लेखी जुनं कनेक्शन अजून एस्टॅब्लिश्ड, म्हणजे चालू. पाठवायला काही असतं तर उत्तर न मिळाल्यावर पंधरा-सोळा मिनिटांत त्याने नाद सोडला असता, पण सुरुवातीचा नमस्कार झाला की एनबीडीचा सर्व्हर विनंती आल्याशिवाय बोलत नाही. कीप-अलाइव्ह (गप्प कनेक्शन जिवंत आहे का हे विचारणं) चालू असता तरी लिनक्सचा डिफॉल्ट ७२०० सेकंद. म्हणजे पिंपळावर मुंजा बसलाय आणि उतरायचं नाव नाही.

मग मी शहाणपणा केला. म्हटलं, पोर्ट बदलू. ४९१५३ टाकला. सिन, सिन-अ‍ॅक, अ‍ॅक, तिन्ही पोचले, गाभा एस्टॅब्लिश्ड झाला, मी चहा टाकला. परत येऊन बघतो तर पुन्हा ठप्प. एनबीडीत आधी सर्व्हर बोलतो, त्याचा नमस्कार आल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, आणि तो नमस्कारच येत नव्हता. दोन संध्याकाळी मी माझ्या रिसीव्ह बफरमध्ये चूक शोधत बसलो. तिथे चूक नव्हतीच. (एक सापडली, पण ती वेगळी. रिंग बफर भरला की विंडो (अजून किती बाइट घेऊ शकतो तो आकडा) शून्य जाहीर करत नव्हतो. चोराच्या मागे धावताना हरवलेली छत्री सापडावी तसं.)

उलगडा झाला तो होस्टवर एसएस कमांडने ऐकणारी सॉकेट पाहिली तेव्हा. १०८०९ समोर रिसीव्ह-क्यूमध्ये १ होता. ऐकणाऱ्या सॉकेटला तो आकडा म्हणजे हँडशेक पूर्ण होऊन दारात ताटकळणारी कनेक्शनं. हँडशेक लिनक्सच्या कर्नलनेच उरकला होता, क्यूएमू-एनबीडीने मला आत घेतलंच नव्हतं. आणि का घ्यावं? तो मुळात एका वेळी एकच क्लायंट घेतो, शेअर्डचा आकडा वाढवला तरच जास्त. मी तो वाढवलेला नाही. एकच खुर्ची, तिच्यावर मुंजा.

आकडा वाढवून मोकळं होता आलं असतं. पण मेलेलं कनेक्शन डिस्क धरून बसलंय आणि मी शेजारी दुसरं उघडून त्याच डिस्कवर लिहितोय, हे मनाला पटेना. पोर्ट रँडम करण्याचंही तेच, दुखणं झाकलं जाणार. म्हणून ४९१५२ मुद्दाम परत आणला आणि आरएफसी ९२९३ (टीसीपीच्या नियमांचा दस्तऐवज) मधला सिन-सेंटचा (सिन पाठवून उत्तराची वाट पाहण्याच्या स्थितीचा) भाग, ३.१०.७.३, ओळीत बोट घालून वाचला.

हा प्रसंग तिथे जसाच्या तसा आहे. १९८१ च्या आरएफसी ७९३ मध्येही होता. एक बाजू कोसळून उठते, जुन्याच पोर्टवरून सिन पाठवते, दुसरी बाजू जुन्या हिशेबाने अ‍ॅक देते. उठलेल्या बाजूने तो अ‍ॅक आपला नाही हे ओळखून रीसेट (कनेक्शन तोडायचं पॅकेट) पाठवायचा. मग समोरचं भूत उतरतं आणि पुढचा सिन नव्याने ऐकणाऱ्या सॉकेटकडे जातो. लिनक्स त्याचं काम चोख करत होता. नुसता अ‍ॅक ही त्याची विचारणा होती, ‘अहो, तुम्ही नक्की तेच का?’ आणि गाभा गप्प. कारण सिन-सेंटच्या हँडलरमध्ये पहिलीच ओळ माझी: सिन नसेल तर पॅकेट टाकून दे. आरएफसी सांगतं, आधी अ‍ॅक तपासा, मग रीसेट, मग सिन. मी ‘वेगासाठी’ क्रम उलटा केला होता. आयुष्यात एकदा होणाऱ्या हँडशेकमध्ये कसला वेग वाचवत होतो, देव जाणे.

क्रम सुलटा केला, रीसेट जोडला. तरी ठप्प! रीसेट जाताना दिसतोय, लिनक्स ढिम्म. रीसेटसाठी मी हाताशी असलेलं फंक्शन वापरलं होतं, जे सीक्वेन्स (पाठवलेल्या बाइटांचा अनुक्रमांक) शून्य टाकतं. ते अ‍ॅक नसलेल्या पॅकेटला उत्तर देताना बरोबर आहे. इथे मात्र समोरच्याच्या अ‍ॅकमधला आकडा आपला सीक्वेन्स म्हणून परत द्यायचा असतो. २०१० च्या आरएफसी ५९६१ पासून रीसेटचा आकडा तंतोतंत जुळला तरच कनेक्शन तुटतं, नाहीतर कुणीही बाहेरचा अंदाजपंचे रीसेट फेकून दुसऱ्यांची कनेक्शनं तोडेल. शून्य त्याच्या विंडोच्या बाहेरच होता. आकडा बदलला आणि मुंजा उतरला. क्यूएमू-एनबीडी पर्सिस्टंट चालवायला विसरू नका, नाहीतर मुंजासोबत सर्व्हरही निघून जातो. मी विसरलो होतो, वीस मिनिटं गेली.

आता कनेक्शन व्हायला सेकंदभर लागत होता, कारण दुसरा सिन टायमर वाजल्यावरच जायचा. एलडब्ल्यूआयपी (छोट्या यंत्रांसाठीचा टीसीपीचा कोड) काय करतं म्हणून त्याच्या इनपुट फाइलमध्ये डोकावलो. तिथे रीसेटनंतर लगेच सिन पुन्हा पाठवतात, फक्त ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त नाही, नाहीतर लूपबॅकवर (यंत्र स्वतःलाच पॅकेट पाठवतं तिथे) स्वतःशीच भांडण लागायचं. पोरकट वाटेल, पण ती टिप्पणी वाचून फार बरं वाटलं. कुणीतरी या खड्ड्यात आधी पडून गेलंय. तसंच केलं, आता रूट डिस्क डोळ्याची पापणी लवायच्या आत.

मधेच एक सूचना. वैतागून मी सिनचा टायमर १०० मिलिसेकंदांवर आणला होता, तेव्हा दर पाचांतल्या एखाद्याच सिनला उत्तर यायचं. पॅकेट हरवत नव्हती. लिनक्स अशा विचारणा एका कनेक्शनला ५०० मिलिसेकंदांत एकच पाठवतो. एनस्टॅट या कमांडमध्ये सिन चॅलेंजचा काउंटर पाहा, खूप मनस्ताप वाचेल.

इथवर लिहून झालं आणि सहज म्हणून एनसी (नुसतं कनेक्शन घेणारी साधी कमांड) ऐकत ठेवून तोच प्रयोग केला, डेटा काहीच न पाठवता. पुन्हा ठप्प. हसू की रडू! माझा सुरुवातीचा सीक्वेन्स नंबर दर बूटला ४०९६ आहे, शेजारी ‘नंतर बघू’ अशी दोन वर्षं जुनी टिप्पणी. जुन्या कनेक्शनवर एक बाइटही गेला नसेल तर लिनक्सच्या अ‍ॅकमध्ये ४०९७ येतं, आणि नव्या सिनलाही नेमकी त्याचीच अपेक्षा असते. अ‍ॅक आपलाच वाटतो, रीसेट जात नाही, सिन नाही म्हणून पॅकेट टाकलं जातं. आरएफसीप्रमाणे सगळं बरोबर आणि तरी अडकलेलं. एनबीडीवर हे दिसलं नाही कारण तिथे बोलणं पुढे गेलेलं असतं.

म्हणजे या महिन्यात टाइम-वेटची (बंद होऊनही थोडा वेळ राखून ठेवलेल्या कनेक्शनांची) यादी साफ करायची होती, ते मागे. आधी आरएफसी ६५२८ प्रमाणे सुरुवातीचा नंबर काढायचा: ४ मायक्रोसेकंदांनी सरकणारं घड्याळ, त्यात दोन्ही पत्ते, दोन्ही पोर्ट आणि एक गुप्त किल्ली यांचा हॅश. किल्लीसाठी आरडीरँड (सीपीयूची रँडम आकडा देणारी सोय) वापरणार होतो, पण माझ्या क्यूएमूच्या सीपीयू मॉडेलमध्ये ते नाही. तूर्तास आरटीसी आणि टीएससी ही दोन घड्याळं कालवून भागवतो, मग व्हर्टिओ-आरएनजी या रँडम आकडे देणाऱ्या उपकरणाचा ड्रायव्हर.

तुटल्यावर पुन्हा जोडणं कर्नलने करावं की प्रोग्रामने, यावर माझं मत अजूनही प्रोग्रामने असंच आहे. पण ज्या डिस्कवर प्रोग्राम राहतो तीच गेली तर जोडणार कोण? म्हणून एनबीडीपुरता एक कर्नल थ्रेड: १, २, ४ सेकंद असं वाढत ३० पर्यंत, थोडं रँडम मिसळून. उत्तर न आलेल्या विनंत्या रांगेत राहतात आणि जोडल्यावर पुन्हा जातात. ६४ एमबीची फाइल कॉपी होत असताना सर्व्हर बंद केला, वीस सेकंदांनी लावला, कॉपी पुढे सरकली आणि चेकसम जुळला. तो आउटपुट डेस्कटॉपवर लावलाय.

पहिल्या प्रयत्नात तो थ्रेड स्वतःच लटकला होता. ‘डिस्क तुटली’ हा संदेश तो लॉग फाइलमध्ये लिहायला गेला, आणि लॉग फाइल त्याच डिस्कवर. आता त्याचे संदेश फक्त सीरियल पोर्टवर जातात. सीरियलची केबल मी लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तात घेतली होती, ती ११५२०० बॉडच्या वेगावर अक्षरं खाते. तिथे जाणार असाल तर दोन पैसे जास्त द्या आणि दुकानातच लावून बघा.