ट्रॅप लागला का?

रविवार रात्र, लातूर

तेलविहीर खोदणाऱ्या रिगवरून सुट्टीवर आलं की दिवस-रात्रीचा मेळ लागत नाही. सगळं घर झोपलंय, म्हणून लिहायला बसले.

मामी आज म्हणाल्या, "एवढं पीएचडी करून गुजरातेत मातीच धुतीस व्हय?" खोटं नाही. शेकरवर, म्हणजे हलत्या जाळीवर, आलेला खडकाचा चुरा चाळणीत धुवायचा, मायक्रोस्कोपखाली बघायचा, मग अतिनील दिव्याखाली धरायचा. तेलाचा अंश असला तर चमकतो. तोही आत्ताचा खडक नसतो. विहिरीत फिरवलेल्या चिखलाबरोबर तळातून वर यायला त्याला वेळ लागतो, तोवर बिट, म्हणजे खोदणारं टोक, पुढे गेलेलं असतं.

तासिका तत्त्वावर शिकवायचे तेव्हा किल्लारी तोंडपाठ होतं: 1993 च्या भूकंपानंतर घेतलेलं 617 मीटरचं बोअर, वर सुमारे 338 मीटर बेसाल्ट, मग गाळाचा पातळ थर, खाली नाईस नावाचा पुरातन खडक. मानधन मात्र कधी यायचं ते देव जाणे. कायम जागेचा भाव एका संस्थेत चहा पाजून सांगितला, तिथंच तो विषय संपला.

प्रबंधात 'अधिक अभ्यासाची गरज आहे' लिहिलं की सुटका होती. रिगवर पहाटे तीनला फोन येतो, "मॅडम, ट्रॅप लागला का?" ट्रॅप म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. खंबातच्या खोऱ्यात तेल बहुतेक ट्रॅपच्या वरच्या गाळात. आपल्या चपलेखालचा काळा दगड तिथं तळाला, तो लागला की खोदणं थांबवायचं. पण ट्रॅपच्या अगदी वर ओलपाडचा थर, त्यातही ट्रॅपचेच तुकडे! चुऱ्यात दोन्ही सारखेच काळपट. घाईनं 'हो' म्हटलं तर वरच्या गाळाचा शेवटचा भाग राहून जाणार, उशिरा म्हटलं तर रिगचं भाडं चढत जाणार. त्यात वडोद्याजवळच्या पादऱ्याला ट्रॅपच्या भेगांतच तेल सापडलेलं. तरी हो किंवा नाही, एकच शब्द द्यायचा. पहिल्या वेळी हात थरथरत होते. आता उलट, असं बोलायचं व्यसनच लागलंय.

संध्याकाळी काकांनी बोअरची जागा दाखवली. पाणाड्यानं नारळावर काढलेली. शेजारच्या दोन्ही बोअरमधून नुसता फुफाटा आलेला. पूर्वी मी 'सर्व्हे करून बघू' म्हटलं असतं. आज सरळ म्हणाले, "काका, इथं नको. ओढ्याकडं घ्या, तिथं निदान मुरूम जाड आहे." काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

उद्या सकाळी बोअरची गाडी येणार आहे. जागा पाणाड्याचीच.