शून्य क्रमांकाचा पॉड

डॅशबोर्डवर तीनही पॉड, म्हणजे डेटाबेसच्या चालू प्रती, हिरवे होते. तीनपैकी तीन रेडी, एकही अलार्म नाही. आणि त्याच वेळी आमच्या डेटाबेसचे दोन पॉड, एकाचा दुसऱ्याला पत्ता नसताना, ग्राहकांच्या नोंदी लिहून घेत होते. हे २३ मिनिटं चाललं. कळलं ते मदतकक्षातल्या सहकारी बाईंच्या फोनमुळे: "सेव्ह केलेली नोंद रिफ्रेश केली की गायब होते, परत रिफ्रेश केलं की दिसते, असं चार जणांनी सांगितलंय. तुम्ही काही बदललंत का?"

त्या दिवशी मी काहीच बदललं नव्हतं. जे करायचं ते नऊ महिन्यांपूर्वी करून बसलो होतो.

अनेक यंत्रांवर प्रोग्रॅम चालवणाऱ्या कुबरनेटिसवर पोस्टग्रेस हा डेटाबेस बसवायचं काम माझ्याकडे आलं होतं. लिखाण घेणारी एक प्रायमरी, तिची नक्कल ठेवणाऱ्या दोन रेप्लिका. साधा पॉड मेला तर त्याच्या जागी दुसरा कुठलाही येतो, डेटाबेसला ते चालत नाही. म्हणून स्टेटफुलसेट: प्रत्येक पॉडला कायमचा क्रमांक (डीबी-०, डीबी-१, डीबी-२) आणि त्या क्रमांकाला बांधलेला स्वतःचा व्हॉल्यूम, म्हणजे डिस्क. २०१६ मध्ये ही सोय आली तेव्हा तिचं नाव पेटसेट होतं. पाळीव जनावरासारखा, नावाने ओळखला जाणारा पॉड. मला ती कल्पना फार आवडली होती. इतकी, की नाव आणि काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी विसरलो.

पॉड सुरू होताना आधी चालणाऱ्या इनिट कंटेनरमध्ये माझी स्क्रिप्ट होती. क्रमांक शून्य असेल तर स्टँडबायची, म्हणजे रेप्लिका असल्याची, खूण काढून टाक आणि अंगावर 'प्रायमरी' लेबल लाव. नसेल तर स्टँडबायची खूण ठेव आणि डीबी-० कडून डेटा घ्यायला लाग. कुबरनेटिसच्या अधिकृत मार्गदर्शिकेतल्या मायएसक्यूएलच्या उदाहरणातही शून्य क्रमांकच प्रायमरी असतो, आणि हे प्रॉडक्शनसाठी नाही असं तिथे स्वच्छ लिहिलंय. मी ते वाचलं होतं. पुढे बदलू म्हणालो. नऊ महिने काही बिघडलं नाही आणि ते 'पुढे' कधी आलंच नाही.

त्या दिवशी डीबी-० ज्या नोडवर, म्हणजे यंत्रावर, होता तो नोड गोठला. मी दुसऱ्या कामात होतो, ड्यूटीवर माझा सहकारी. नोड अनरीचेबल ठरल्यावर पॉड हटवायला घेण्याआधी कुबरनेटिस मूळ सेटिंगप्रमाणे ३०० सेकंद थांबतं. तेवढी वाट पाहून सहकाऱ्याने डीबी-१ ला प्रमोट केलं, म्हणजे रेप्लिकाची प्रायमरी केली, प्रायमरीचं लेबल त्याच्यावर लावलं, लिखाण परत सुरू झालं. इथपर्यंत त्याचं काम अगदी चोख होतं, आणि हे कोणी म्हणत नाही म्हणून मी मुद्दाम लिहितो आहे.

डीबी-० मात्र 'टर्मिनेटिंग', म्हणजे बंद होत असल्याच्या अवस्थेत, अडकून राहिला. हा दोष नाही, ही शिस्त आहे. गोठलेल्या नोडकडून 'पॉड बंद झाला' असा निरोप येत नाही, तोवर स्टेटफुलसेट त्याच क्रमांकाचा दुसरा पॉड उभा करत नाही. पण स्क्रीनवर लाल ओळ दिसत राहते आणि वरून दर दोन मिनिटांनी "अजून लाल का?" असा मेसेज येतो. शेवटी सहकाऱ्याने फोर्स डिलीट केलं, म्हणजे निरोपाची वाट न पाहता पॉड हटवला. आधीचा पॉड कदाचित अजून चालू असेल, अशी सूचना ती आज्ञा स्वतःच छापते. ती त्याने पाहिली. पण नोड मेलेला आहे याची त्याला खात्री होती, आणि ती खात्री बरोबरच होती.

नवा डीबी-० दुसऱ्या नोडवर उभा राहिला. व्हॉल्यूम जुन्या नोडला अडकलेला असल्याने आणखी सहा मिनिटं खोळंबला. मग व्हॉल्यूम सुटला, जोडला गेला, माझी स्क्रिप्ट चालली. क्रमांक? शून्य. म्हणजे प्रायमरी. राइट-अहेड लॉग, म्हणजे बदलांची आधी लिहून ठेवलेली नोंदवही, वाचून तो सावरला आणि लिखाणाला मोकळा झाला. आता 'प्रायमरी' लेबलचे दोन पॉड होते आणि लेबल पाहून कनेक्शन पाठवणारी सर्व्हिस नवी कनेक्शन दोघांत वाटू लागली. डीबी-२ ला तर डीबी-० हे एकच नाव माहीत, तो बिचारा इमानाने त्यालाच जाऊन चिकटला. खरी प्रायमरी एकटी पडली आणि तिघांपैकी दोघे चुकीच्या बाजूला गेले.

फोन ठेवल्यावर मी पहिल्यांदा टाइमलाइन पाहिली. पोस्टग्रेसमध्ये रेप्लिका प्रमोट झाली की टाइमलाइनचा आकडा वाढतो, आणि लॉगच्या प्रत्येक फाइलच्या नावातले पहिले आठ अंक तोच आकडा सांगतात. डीबी-१ वर शेवटी २ असलेले आठ अंक, डीबी-० वर शेवटी १ असलेले, आणि दोन्हीकडे फाइली वाढतायत. पोटात खड्डा पडला.

लेबल काढलं तरी उघडी कनेक्शन तुटत नाहीत. म्हणून डीबी-० आधी रीड-ओन्ली केला, मग त्यावरची सगळी सेशन तोडली. तोवर सहकाऱ्याने पीजी-रिवाइंडची आज्ञा टाइप करून ठेवली होती. डीबी-० ला डीबी-१ च्या मागे आणून बसवायची तीच पद्धत आहे. पण ती दुभंगल्यानंतरचं डीबी-० वरचं सगळं पुसून टाकते. मी जवळजवळ ओरडलो, "थांब, हात लावू नकोस!" आधी त्या व्हॉल्यूमचा स्नॅपशॉट घेतला.

मग जुळवाजुळव. टाइमलाइनच्या हिस्टरी फाइलमध्ये दोन वाटा लॉगमधल्या नेमक्या कोणत्या जागी फुटल्या ते लिहिलेलं असतं. तिथून पुढचा डीबी-० चा लॉग उलगडून बदललेल्या नोंदी काढल्या. नव्या नोंदी सोप्या ठरतील असं वाटलं होतं, पण दोन्हीकडच्या सीक्वेन्सने तेच क्रमांक वाटलेले. एकाच क्रमांकाखाली दोन वेगळ्या माणसांच्या दोन वेगळ्या नोंदी. एका बाजूला नवे क्रमांक दिले आणि त्या क्रमांकांवर अवलंबून असलेली टेबलं हाताने दुरुस्त केली. या कामाचा मला अभिमान आहे, एकही ओळ हरवली नाही.

एकच जुनी नोंद दोन्हीकडे बदललेली, असंही ३१ ठिकाणी झालं होतं. तिथे डेटाबेस काही सांगू शकत नाही. मदतकक्षातल्या त्या बाई रात्रीपर्यंत आमच्याबरोबर बसल्या, ग्राहकांना फोन करून विचारलं. २८ सुटल्या. उरलेल्या ३ ठिकाणी आम्ही नंतरची वेळ खरी मानली.

अहवालात मूळ कारण म्हणून 'मानवी चूक, फोर्स डिलीट' असं आलं. मी हरकत घेतली. फोर्स डिलीट केलं नसतं तरी नोड रीबूट होऊन परत आला असता आणि डीबी-० ने तेच केलं असतं, हे चाचणी क्लस्टरवर करून दाखवलं. स्क्रिप्टमधली ती ओळ माझी आहे, असं लिहा म्हणालो. अहवालात ते आलं, पण दुसऱ्या पानावर. पहिलं पान जसंच्या तसं राहिलं. दर दोन मिनिटांनी येणाऱ्या मेसेजबद्दल तर कुठल्याच पानावर अक्षर नाही.

आता आमच्याकडे प्रायमरी ठरवणारं पात्रोनी हे साधन आहे. प्रायमरी कोण हे क्रमांकावरून नव्हे, ३० सेकंदांच्या कुलपावरून ठरतं. ते वेळेत नव्याने घेता आलं नाही तर प्रायमरी स्वतःच पायउतार होते. शून्य क्रमांक बऱ्याचदा रेप्लिका असतो. माझा सहकारी अजूनही कुठलाही पॉड हटवण्याआधी मला विचारतो. त्याची गरज नाही असं त्याला दोनदा सांगून झालं.

त्या ३ नोंदींची दोन्ही रूपं मी एका वेगळ्या टेबलात ठेवली आहेत. आजवर त्याबद्दल कोणी विचारलेलं नाही.