तुम्ही विचारलंत म्हणून : निशाण सावरले, त्यात एवढे मोठे काय?

बोस्टनला येणाऱ्या मराठी पाहुण्यांना मी विधान भवनासमोरचे चोपन्नाव्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटचे ब्राँझशिल्प आवर्जून दाखवतो. तेथे सार्जंट विल्यम कार्नी यांची हकीकत ऐकली की बहुतेक जण विचारतात : त्यांनी ठाणे जिंकले नाही, केवळ पडणारे निशाण उचलले, मग अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक त्यांना कशासाठी मिळाले?

अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या, म्हणजे उत्तरेकडील व दक्षिणेकडील राज्यांमधल्या लढाईच्या, रणांगणावर निशाण ही शोभेची वस्तू नव्हती. तोफांच्या गडगडाटात हुकूम ऐकू येत नसत. आपली पलटण पुढे सरकते आहे की मागे हटते आहे, हे धुरात सापडलेल्या शिपायाला निशाणावरूनच कळे. शत्रूही हे जाणून असल्याने निशाण धरणाऱ्यावर गोळ्यांचा मारा सर्वांत जास्त होई, आणि त्याला मात्र उलट गोळी झाडता येत नसे.

१८ जुलै १८६३ च्या संध्याकाळी दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटनजवळ, मॉरिस बेटावरच्या फोर्ट वॅग्नरवर या कृष्णवर्णीय रेजिमेंटने हल्ला चढवला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला दलदल, आणि मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवरून थेट तोफांच्या तोंडी जायचे होते. कर्नल रॉबर्ट शॉ किल्ल्याच्या तटावर मारले गेले. सुमारे सहाशे जणांपैकी अडीचशेहून अधिक मारले गेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. निशाणधारक कोसळताच कार्नींनी निशाण हाती घेतले, तटापर्यंत नेऊन तेथे रोवले, आणि माघार सुरू झाल्यावर गंभीर जखमा झालेल्या असतानाही ते परत आणले. वाटेत दुसऱ्या रेजिमेंटच्या एका सैनिकाने निशाण घेण्याची तयारी दाखवली, तेव्हा ते आपल्याच रेजिमेंटच्या हाती राहील असे सांगून त्यांनी नकार दिला. आपल्या माणसांत पोहोचल्यावर, निशाण जमिनीला टेकू दिले नाही, एवढेच त्यांनी सांगितले.

माझ्या मते या प्रश्नाचे खरे उत्तर मात्र त्यांच्या जन्मात आहे. १८४० साली व्हर्जिनियातील नॉरफोक येथे ते गुलाम म्हणून जन्मले, आणि चोरून अक्षरे शिकले. मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्ड या गावी आल्यावर त्यांचा ओढा धर्मोपदेशक होण्याकडे होता. परंतु कृष्णवर्णीयांची भरती सुरू होताच, पीडित बांधवांसाठी लढणे हीच ईश्वरसेवा मानून ते सैन्यात गेले. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या दक्षिणेच्या सरकारने अशा सैनिकांना युद्धकैदी मानणार नाही असे आधीच जाहीर केले होते. म्हणजे त्या तटावर पकडले जाणे याचा अर्थ त्यांच्यासाठी मृत्यू किंवा पुन्हा गुलामी असा होता, आणि हे माहीत असूनही ते निशाण घेऊन तेथे थांबले. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केले. त्या लोकांत कार्नींसारख्या सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिकांची गणना आपण आवर्जून करावी, असे मला वाटते.

पदक मिळाले ते २३ मे १९०० रोजी, जवळजवळ ३७ वर्षांनी. हे पदक मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय म्हणून त्यांचे नाव घेतले जाते, पण ते पराक्रमाच्या तारखेपुरतेच खरे आहे. इतर काहींना युद्धकाळातच पदके मिळाली होती. पदक आले तेव्हा ते न्यू बेडफर्डमध्ये पोस्टमन होते. ती नोकरी त्यांनी १८६९ पासून ३२ वर्षे केली.

आणखी एक गोष्ट पाहुण्यांना सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. भरतीच्या वेळी या सैनिकांना महिना १३ डॉलर कबूल केले होते. प्रत्यक्षात १० डॉलर देऊ करून त्यातूनही कपड्यांसाठी ३ डॉलर कापायचे ठरले. गोऱ्यांपेक्षा कमी वेतन घेण्यास साऱ्या रेजिमेंटने नकार दिला आणि घरी बायकामुलांचे हाल होत असतानाही ती लढत राहिली. जखमांमुळे कार्नी जून १८६४ मध्ये सैन्यातून मुक्त झाले, तोपर्यंत तिने सरकारचा एक डॉलरही स्वीकारलेला नव्हता.